मोटारीतल्या गाण्याची घडणावळ

मोटारीतील ध्वनियंत्रणा ही विकत आणावी, फळीवर ठेवावी, खटका दाबावा आणि ऐकत बसावे, अशा जातीची वस्तू नव्हे. घरातल्या रेडिओला त्याची पेटी असते आणि त्या पेटीला खोली असते. मोटारीत बसवायचा स्पीकर मात्र कारखान्यातून निघतो तो कागदाचा वा प्लास्टिकचा एक शंकू, एक लोहचुंबक आणि तारा जोडायच्या दोन पट्ट्या एवढ्याच ऐवजानिशी, आणि त्याची पेटी कोणती म्हणाल, तर ज्या गाडीत तो जाईल त्या गाडीच्या दरवाजाचा पत्रा, त्या पत्र्याला कारखान्यानेच पाडलेली भोके, काच खालीवर करणारी आतली यंत्रणा, पावसाचे पाणी निथळावे म्हणून तळाशी राखलेल्या फटी आणि या सर्वांवर क्लिपांनी दाबून बसवलेले प्लास्टिकचे आवरण. म्हणजे जो आवाज आपण पैसे मोजून घेतला असे समजतो, त्याचा निम्मा भाग खोक्यात नसतोच; तो आपल्या घराखाली उभ्या असलेल्या गाडीत आधीपासून असतो, बरा किंवा वाईट.

परिचितांपैकी कोणी गाडी घेतली, विशेषतः सेकंडहँड घेतली, की महिन्याभरात मला प्रश्न येतो : डेक आणि स्पीकर ऑनलाइन मागवावेत की दुकानातून घ्यावेत? माझ्या या नादाची एवढी प्रसिद्धी झालेली आहे, हे मी नाकारीत नाही. विचारणाऱ्याच्या फोनवर दोन आकडे तयार असतात, एक पडद्यावरचा आणि एक दुकानदाराने तोंडी सांगितलेला, आणि त्या दोहोंमधल्या तफावतीचा निवाडा मी पंचाच्या भूमिकेतून द्यावा, अशी त्याची अपेक्षा असते. सोन्याचा भाव आणि घडणावळ या पावतीवरच्या दोन वेगळ्या रकमा होत, हे ज्या गृहस्थाला लग्नसराईत मुखोद्गत झालेले असते, तोच गृहस्थ स्पीकरच्या बाबतीत मात्र सगळी किंमत खोक्याची धरून चालतो, आणि जोडणीचा मेहनताना कोणी वेगळा सांगितला, की आपल्याला नाडले गेल्याची त्याची खात्री पटते.

वास्तविक या यंत्राचा जन्मच जोडणीच्या कटकटीतून झाला. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी मोटारीसाठी रेडिओ तयार करविला तेव्हा, इंजिनातल्या ठिणग्यांची खरखर ध्वनीत उतरू नये याची तजवीज करणे, आकाशतारेसाठी छताच्या कापडाआड जागा काढणे आणि यंत्राचे अवजड भाग गाडीच्या अंगात कोठे ना कोठे दडविणे, हे काम मूळ रेडिओ बनविण्याइतकेच जिकिरीचे होते. त्या वर्षी अटलांटिक सिटी येथे रेडिओ कारखानदारांचे अधिवेशन भरले असता, आत गाळा घेणे परवडत नसल्याने गॅल्विन यांनी आपली मोटार बाहेर उभी केली आणि येणाऱ्याजाणाऱ्यास तीतलाच रेडिओ मोठ्याने ऐकवला. पुढे मोटोरोला या नावाने जगभर गेलेल्या धंद्याची ही सुरुवात. माल मांडायला फळी मिळाली नाही, ही त्यांची नड होती खरी. परंतु मोटारीतला आवाज मोटारीत बसूनच पारखावा लागतो, ही गोष्ट त्या नडीने जितक्या चोखपणे करून दाखविली, तितक्या चोखपणे नंतरच्या काळातल्या कोणत्याही दुकानाने वा संकेतस्थळाने दाखविल्याचे मला दिसलेले नाही.

आपल्याकडे हा माल आला तो निराळ्याच वाटांनी. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाखाली रेडिओ बाळगण्यास परवाना लागे, तो पोस्टातून काढावा लागे, त्याची फी वेळेवर भरावी लागे, आणि मोटारीतला रेडिओही या अमलाबाहेरचा नव्हता. हे परवाने उठले ते १९८० च्या दशकात. त्याच सुमारास प्रीमिअर पद्मिनीच्या मागच्या काचेखालच्या फळीवर दोन लंबगोल स्पीकर असणे, हे मुंबईत सुस्थितीचे लक्षण मानले जाऊ लागले. 'इंपोर्टेड' मालासाठी हाजीअलीचे हिरापन्ना किंवा क्रॉफर्ड मार्केटाजवळचे मनीष मार्केट, आणि सुट्या भागांसाठी, तारांसाठी, अँप्लिफायरच्या दुरुस्तीसाठी लॅमिंग्टन रोड, अशी साधारण वाटणी होती. लॅमिंग्टन रोडचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे झाल्याला किती वर्षे लोटली, तरी त्या नावाने पत्ता विचारणारा माणूस वायर घ्यायला आलेला नाही, एवढे तेथला कोणीही ओळखतो.

त्या बाजारात दर नावाची वस्तू अस्तित्वात नव्हती. गिऱ्हाईक गाडीतून उतरले की टॅक्सीतून, गाडी कोणती, बरोबर कोणी जाणता मित्र आहे की नवपरिणीत पत्नी, हे सर्व पाहून आकडा सांगितला जाई. मग तो अव्वाच्या सव्वा आहे असे गिऱ्हाइकाने म्हणायचे, मग चहा यायचा, मग दुकानदाराने आपल्या मुलांची शपथ घ्यायची, आणि अखेरीस दोघांनाही आपणच जिंकलो असे वाटेल अशा एका रकमेवर सौदा मिटायचा. या प्रकाराला माणुसकीचा बाजार म्हणून आज जे गहिवरतात, त्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. ज्याला घासाघीस जमत नव्हती, त्या भिडस्त माणसाने जमणाऱ्याच्या सवलतीचा भार उचलायचा, असा तो व्यवहार होता, आणि भिडस्त माणसे या जगात काही थोडी नाहीत.

म्हणून ऑनलाइन खरेदीचे पहिले श्रेय मी बिनशर्त देतो : दर चव्हाट्यावर आला. कणकवलीच्या एखाद्या शिक्षकाला पूर्वी चांगले स्पीकर हवे असत, तर कोल्हापूर गाठावे लागे, नाहीतर गोव्यात उतरावे लागे, नाहीतर मुंबईहून येणाऱ्या मेव्हण्याच्या पारखीवर विसंबावे लागे. आज त्याला जो आकडा दिसतो तोच पेडर रोडवरच्या शेठजीला दिसतो. २०१७ च्या १ जुलैस वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईच्या वेशीवरचे जकातनाके उठले, तेव्हापासून माल कोणत्या शहराच्या हद्दीतून आत आला याचा हिशेब तरी किमतीतून गेला. पूर्वी व्ही.पी.ने पुस्तके मागविणाऱ्या पिढीला दूरस्थ खरेदीची सवय नव्हती असे नाही, पण व्ही.पी.चे पार्सल पोस्टमनकडून पैसे भरूनच सोडवायचे आणि आत काय निघेल ते नशिबावर सोपवायचे, यात आणि आजच्या परत-पाठवणीच्या मुदतीत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

पण दर जितका उघडा झाला, तितकी वस्तू उघडी झाली का? डेकच्या खोक्यावर '५० वॉट गुणिले ४' असे ठळक छापलेले असते. हा आकडा कोठून येतो, ते पाहण्यासारखे आहे. गाडी चालू असताना तिच्या विद्युत्प्रवाहाचा दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो आणि मोटारीतल्या स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम असतो. डेकमधला चिमुकला अँप्लिफायर या दाबापलीकडे काही निर्माण करू शकत नाही, तेव्हा शुद्ध स्वर, म्हणजे न फाटलेला स्वर, काढायचा तर कागदावरच्या गणितानेसुद्धा २६ वॉटच्या आत थांबावे लागते, आणि यंत्रातली तूट धरली तर प्रत्यक्षात वीसच्या आसपास. त्याच अँप्लिफायरला इतका पिळला की स्वराच्या लाटेचे माथे साफ छाटले जाऊन तिचा चौकोन झाला, तर गणिताने सुमारे ५२ वॉट निघतात. ते हे ५० वॉट! म्हणजे खोक्यावर जो आकडा अभिमानाने मिरवतो, तो त्या यंत्राने गाण्याची पुरती मोडतोड केली असतानाचा आहे. नामांकित मंडळी निदान आतल्या पुस्तिकेत बारीक टाइपात 'आरएमएस' म्हणून खरा आकडा देतात. निनावी मालाला ती भीड नसते. तेथे दोन, तीन, पाच हजार वॉटांची आरोळी असते, आणि पडद्यावर उतरत्या भाजणीने मांडलेल्या यादीत ही आरोळी सभ्य आकड्याच्या वर जाऊन बसते, कारण यादी लावणाऱ्या यंत्राला आकडा समजतो, स्वर समजत नाही.

दुकानातही फसवणूक आहेच, फक्त तिची जात वेगळी. भिंतीवर पंधरावीस स्पीकर ओळीने बसविलेला तो फलक आपण पाहिला असेल; एकेक बटन दाबावे आणि एकेक जोडी ऐकावी. माणसाच्या कानाची खोड अशी, की आवाज हळू असताना त्याला खर्ज आणि तार हे दोन्ही टोकांचे स्वर कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की तेच स्वर भरून आल्यासारखे वाटतात. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली याची वक्रेच काढून दाखविली. विक्रेत्याने ती वक्रे पाहिलेली नसतात. पण जो जोड त्याला खपवायचा असतो, त्याची कळ दाबताना त्याचा डावा हात व्हॉल्यूमवर किंचित फिरतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या हातातले लाघव पाहून मला रागापेक्षा कौतुकच अधिक वाटले. शिवाय तो फलक म्हणजे जाड लाकडी पेटी. तीत जो स्पीकर भरदार बोलतो, तो आपल्या दरवाजाच्या पातळ पत्र्यात जाऊन तसाच बोलेल, याची ग्वाही त्या फलकाला देता येत नाही.

तेव्हा पडद्यावर शेकडो अनोळखी लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचा, नाहीतर दुकानात उभे राहून स्वतःच्या कानांनी ऐका, दोन्हीकडे आपल्या गाडीतला आवाज अनुपस्थितच असतो. तो प्रथम हजर होतो तो फिटरच्या हाताखाली.

भाच्याने जुनी स्विफ्ट घेतली आणि पुढच्या दोन दरवाजांचे स्पीकर ऑनलाइन मागविले, तेव्हा ते बसवून घ्यायला आम्ही पुण्यात नाना पेठेच्या बाजूच्या एका गल्लीत गेलो. तेथे एक फिटर आहे. सगळे त्याला उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. त्याने खोके उघडण्याआधी दरवाजाच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केली; पत्रा टणटणला. मग आवरण उतरवून आतला पत्रा पेट्रोलच्या बोळ्याने पुसून त्यावर त्याने डॅम्पिंगचे काळे, चिकट, वरून अॅल्युमिनियमचा वर्ख असलेले तुकडे कात्रीने कापून बसविले आणि छोट्या लोखंडी रूळाने ते इतके दाबले, की वर्खावरची नक्षी सपाट झाली. पुन्हा पेराने टकटक. या खेपेस नुसते 'थप्'. मोठ्या भोकांवरही त्याने पत्रे चढविले, कारण शंकू पुढे ढकलला जातो तेव्हा त्याच्या पाठीमागची हवा नेमकी उलट हलते, आणि ती भोकांतून फिरून पुढे आली की खर्जाचा खर्जाशीच छेद होऊन दोन्ही नाहीसे होतात. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि दहाएक वर्षांनी रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकर आणि त्याची पेटी यांचे नाते समीकरणांत बसविले. उस्ताद या दोघांना ओळखत नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की "दार बंद पाहिजे, साहेब, नाहीतर बेस पळतो."

नंतरची गोष्ट मला अधिक आवडली. गाडीच्या मूळ तारांचे रंग भरवशाचे नव्हते. आधीच्या मालकाने कोणाकडून तरी काम करवून घेताना कपलर कापून टाकला होता आणि तारा नुसत्या पिळून त्यांना चिकटपट्टी गुंडाळली होती. उस्तादाने खिशातून घड्याळाला घालतात तसला पेन्सिल सेल काढला, स्पीकरकडे जाणाऱ्या दोन तारांची टोके त्याला क्षणभर टेकविली आणि भाच्याला म्हणाला, "शंकूकडे बघा." शंकू टुपकन बाहेर आला. "ही प्लस." दुसऱ्या दरवाजाला तेच केले, तर तेथला शंकू आत गेला. म्हणजे आजवर या गाडीत डावा स्पीकर पुढे जाई तेव्हा उजवा मागे जात होता, आणि आधीच्या मालकाने खर्ज का येत नाही म्हणून बहुधा डेकवरचे 'बेस'चे बटन कमाल मर्यादेपर्यंत पिळून ठेवले होते. ते तसेच पिळलेले आम्हांला मिळाले. भाच्याने बरोबर आणलेल्या तारेचे टोकही उस्तादाने पात्याने खरवडले. तांबूस कातडीखाली तार पांढरी निघाली. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम, असा तो जिन्नस. वीज वाहून नेण्यात तो शुद्ध तांब्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. "स्पीकरला चालेल," तो म्हणाला, "अँप लावाल तेव्हा ही वापरू नका." हा निर्णय द्यायला त्याला पात्याचा एक फटकारा पुरला.

दूरस्थ विक्रीवाल्यांनाही हे मर्म उमगते, असा दाखला अमेरिकेतच आहे. बिल क्रचफील्ड नावाच्या गृहस्थांनी आपल्या जुन्या पोर्शमध्ये बसेल असा स्टीरिओ शोधण्यात हैराण होऊन १९७४ साली व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल येथे आईच्या घराच्या तळघरातून टपालाने मोटार-स्टीरिओ विकायला आरंभ केला. प्रारंभी धंदा बुडण्याच्या बेतास आला. तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांकडे प्रश्नावली धाडली, आणि उत्तरांवरून कळले ते असे, की लोकांना माल महाग वाटत नव्हता. तो आपल्या हाताने बसेल की नाही याची धास्ती वाटत होती. मग त्यांच्या सूचीत दरांच्या बरोबरीने माहितीपर लेख आले. पुढे कोणत्या गाडीत काय बसते आणि डॅशबोर्ड कसा उघडायचा, यांचे तपशील जमविणे हेच त्या पेढीचे मुख्य भांडवल झाले. आपल्याकडच्या संकेतस्थळांवर 'तुमच्या गाडीत बसेल का' या प्रश्नाला अनेकदा दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाचे 'हो, बसेल' एवढेच उत्तर असते, आणि त्या उत्तरदात्याची गाडी कोणती, हे विचारायची सोय नसते.

आता कायद्याचे पाहू. २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम २०२० च्या जुलैत अमलात आला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची, निवारण महिन्याच्या आत करायचे, माल कोणत्या देशचा ते सांगायचे. आणि गिऱ्हाइकाला फिर्याद लावायची तर स्वतःच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे लावता येते, विक्रेत्याच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. हे उपकार लहान नव्हेत. परंतु मोटारीच्या ध्वनियंत्रणेतल्या तक्रारी बहुधा अशा असतात, की त्यांना फॉर्मवर रकाना सापडत नाही. अॅक्सिलरेटर दाबला की गाण्यामागून एक बारीक शिट्टी चढत जाते, पाय काढला की उतरते. अँप्लिफायर निर्दोष आहे, डेक निर्दोष आहे, गाडीचा अल्टरनेटरही निर्दोष आहे. दोष बहुधा अर्थिंगची तार जेथे बोल्टाखाली दाबली तेथला रंग खरवडायचा राहिला, एवढाच. ही शिट्टी परत कोणाकडे पाठवायची? खोक्यात घालता येण्याजोगी ती वस्तूच नव्हे. ती ऐकून घ्यायला गाडीसमोर उभा राहणारा, बॉनेट उघडणारा आणि 'माझ्याच हातून राहिले' किंवा 'हे माझे काम नव्हे' यांपैकी काहीतरी तोंडावर सांगणारा माणूस लागतो. दुकानाच्या चढ्या दरात पूर्वी जी रक्कम मुरलेली असे, ती या माणसाच्या जामीनकीची होती, असे मला वाटते. दुर्दैवाने तिला कोणी स्वतंत्र नाव दिले नाही, आणि म्हणून पडद्यावरच्या दराशी तुलना होताच ती निव्वळ लूट ठरली.

दुकानदारांनी मग काय केले? काहींनी बाहेरून आणलेला माल बसविणार नाही अशी पाटी लावली, जी मला कोत्या बुद्धीची वाटते. काहींनी फिटिंगचा दर दुप्पट केला, ज्यात थोडा राग आहे आणि पुष्कळसा न्याय. नाना पेठेतल्या उस्तादाने आपला दर भिंतीवर लिहूनच टाकला आहे : डेक एवढे, दोन दरवाजे डॅम्पिंगसह एवढे, अँपची वायरिंग बॅटरीजवळच्या फ्यूजसकट एवढी, माल तुमचा असो वा आमचा. खाली लाल अक्षरांत एक ओळ : 'तुमच्या मालाची गॅरंटी तुमच्याकडे, आमच्या हाताची आमच्याकडे.' इतकी निःसंदिग्ध कराराची भाषा मी बड्या पेढ्यांच्या शर्तींच्या पानांत वाचलेली नाही.

नव्या गाड्यांनी हा विषय आणखी पुढे नेला आहे. पूर्वी डेक म्हणजे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच, किंवा त्याच्या दुप्पट उंच, अशी ठरावीक मापाची चौकट असे. जुना उपसून काढा, नवा सरकवा. आता त्या जागी मोठा पडदा असतो, मागचा कॅमेरा त्यात, स्टिअरिंगवरच्या कळा त्याला जोडलेल्या, काही गाड्यांत वातानुकूलनही त्याच्याच ताब्यात. तो काढून टाकला तर गाडीच पांगळी. म्हणून डेकचा धंदा ओसरला, आणि मूळ पडदा तसाच ठेवून त्याच्या पाठीमागे ध्वनीवर संस्कार करणारा डीएसपी बसविण्याचे काम आले. उजव्या हाताला बसणाऱ्या चालकाला उजवा स्पीकर जवळ आणि डावा लांब. ध्वनी सेकंदाला ३४० मीटरांच्या आसपास धावतो, तेव्हा अर्ध्या मीटरच्या फरकापोटी जवळच्या स्पीकरला सुमारे दीड मिलिसेकंद थोपवून धरले, की गाणारी बाई दरवाजातून उठून समोर डॅशबोर्डाच्या मध्यावर येऊन उभी राहते. उस्ताद हे काम मुलाकडून शिकला. मुलगा लॅपटॉपवर आलेख पाहतो, बाप डोळे मिटून ऐकतो, आणि मतभेद झाला की आलेख बदलतो.

भाच्याने पुढे डीएसपीही ऑनलाइनच घेतला, आणि योग्य केले. पुण्याच्या कोणत्याही दुकानापेक्षा तो स्वस्त पडला, खोके सीलबंद होते, कंपनीची हमी अधिकृत विक्रेत्याची होती. तो बसविल्यावर उस्तादाच्या मुलाने मायक्रोफोन चालकाच्या डोक्याच्या उंचीवर धरून बराच वेळ मोजमापे घेतली, आणि निघताना पावती दिली. पावतीवर मालाच्या रकान्यात आडवी रेघ होती आणि सगळी रक्कम मजुरीच्या रकान्यात. भाच्याने ती उलटीसुलटी करून पाहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, यात काहीतरी कमी करायला सांगा ना." मी सांगणार नव्हतो. उस्तादाने मात्र ते ऐकले आणि पन्नास रुपये कमी केले, आणि पोराला हाक मारून आम्हांला चहा सांगितला.